भरलेला चेक बँकेनं हरवला तर

हळद विकल्याच्या पट्टीचा (हिशेबाच्या पैशांचा) आमच्या अण्णांचा चेक सांगलीत बँकेनं हरवला, वर म्हणाले, "व्यापाऱ्याकडून दुसरा आणा."

१. व्यापाऱ्याला लगेच फोन करून त्या चेकचं पेमेंट थांबवायला सांगा. खरं तर चेक हरवल्याचं बँकेनंच तुम्हाला ताबडतोब कळवायला हवं.

२. मॅनेजरला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यात स्पष्ट लिहा: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जबाबदारी चेक वसुलीला घेणाऱ्या बँकेची. डुप्लिकेट चेकचा खर्च आणि त्यात गेलेल्या वाजवी काळाचं व्याज बँकेनं द्यायचं.

३. ३० दिवसांत दाद नाही? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही.

मोठा चेक पेटीत टाकू नका. काउंटरवर द्या, स्लिपवर शिक्का घ्या. पोच नाकारता येत नाही. अण्णांकडे ती शिक्क्याची चिठ्ठी होती, म्हणून बोलता आलं.