मालदीवमध्ये मोठ्या माशांसोबत डायव्हिंग: या चुका टाळा

मालदीवला मोठे मासे बघायला गेलेल्या माणसाची तक्रार बहुधा ठरलेली असते. मांटा, म्हणजे पंखांसारखे पर असलेला मोठा चपटा मासा, दिसला, पण पाठमोरा. शार्क दिसले, पण लांबून. फोटोत म्हणाल तर निळ्या पाण्यात एक करडा डाग. मग खापर नशिबावर फुटतं. खरं कारण सहसा साधं असतं: आपण माशाच्या मागे लागलो. इथले मोठे प्राणी पाठलाग करून सापडत नाहीत. प्रवाहाच्या हिशेबाने ते ठरावीक जागी येतात. आपण तिथे आधी पोचून गप्प बसायचं असतं.

आधी तिकीट, मग ठिकाण

ही चूक तर पाण्यात उतरण्याआधीच होते. साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचे वारे असतात, त्याला तिथे इरुवाई म्हणतात. मे ते नोव्हेंबर नैऋत्येचे, म्हणजे हुळांगु. इरुवाईत समुद्राचं स्वच्छ पाणी पूर्वेकडून प्रवाळद्वीपांत (अटॉलमध्ये) शिरतं आणि पश्चिमेकडून बाहेर पडतं, हुळांगुत उलट. पाणी बाहेर पडतं त्या बाजूला प्लवक, म्हणजे मांटाचं खाद्य असलेले तरंगते सूक्ष्म जीव, जास्त, म्हणून मांटा त्या बाजूला. पाणी आत शिरतं त्या बाजूला दृश्यता चांगली, म्हणून शार्क बघायला ती बाजू. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. फेब्रुवारीत मांटासाठी पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल घेतलं तर गाइड तरी काय करणार?

हनिफारूचं वेगळंच. बा अटॉलमधला हा छोटा उपसागर, 2011 पासून युनेस्कोच्या जैवावरण क्षेत्राचा भाग. नैऋत्य मोसमात, विशेषतः पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, इथे प्लवक कोंडलं जातं आणि मांटा थव्याने चरायला येतात. पण इथे स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन डायव्हिंगला, बंदी आहे. फक्त स्नॉर्केल (तोंडात नळी धरून पृष्ठभागावर पोहणं), तेही परवानाधारक गाइडसोबत आणि मोजक्या वेळासाठी. टाकीचं सामान घेऊन पोचलेले लोक धक्क्यावर वाद घालताना दिसतात, आणि तो वाद कोणी जिंकत नाही.

मांटाकडे पोहत जाणं

मांटा सफाईच्या जागी येतो. रीफवरचा, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या कड्यावरचा, एखादा उंच खडक असतो, त्यावर बोटाएवढे क्लीनर रास मासे राहतात. मांटा प्रवाहाकडे तोंड करून खडकावर तरंगतो, वेग इतका कमी करतो की जवळजवळ थांबल्यासारखा वाटतो, आणि ते मासे त्याच्या कल्ल्यांतून, पोटाखालून परजीवी वेचतात. काम झालं की गोल वळसा घेऊन पुन्हा येतो. तुम्ही हलला नाहीत तर तो असे बरेच वळसे घेतो.

आता इथे काय होतं बघा. पहिला मांटा दिसतो, कोणीतरी कॅमेरा पुढे करून खडकाकडे सुटतो. दोन-तीन जण त्याच्या मागे. खडकाच्या वर माणसं आली की मांटाला उतरायला जागाच उरत नाही. तो पंख एकदा जोरात मारतो आणि निघून जातो. मागच्या गटालाही मग काही दिसत नाही.

खडकापासून बाजूला, वाळूवर किंवा मेलेल्या खडकाच्या आडोशाला, जमिनीलगत राहा. तो येण्याच्या वाटेवर बसू नका. किमान 3 मीटर अंतर. तो डोक्यावरून जात असेल तर उच्छ्वास जरा हळू सोडा. बुडबुड्यांचा लोट थेट पोटावर आदळला की तो बिचकतो. श्वास रोखून मात्र धरू नका, स्कूबाचा तो पहिला नियम आहे. हात लावण्याचा तर प्रश्नच नाही, कातडीवरचा चिकट संरक्षक थर निघतो. त्याला नांगी नसते, त्यामुळे घाबरून मागे सरकायचंही कारण नाही.

पाठलागाचा हवेवरचा परिणाम बघायचा असेल तर साधा हिशेब. 12 लिटरची टाकी, दाब 200 बार. 50 बार राखीव ठेवले तर वापरायला 1800 लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर 30 मीटरवर दाब चौपट, म्हणजे 80 लिटर. शांत माणसाला 22 मिनिटं मिळतात. जोरात फिन (पायातली वल्ही) मारणाऱ्याचा श्वास सहज दुप्पट होतो: 11 मिनिटं. ‘माझीच हवा लवकर का संपते’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा टाकीत नसतं, पायांत असतं.

कंदूत उशिरा उतरणं

कंदू म्हणजे प्रवाळद्वीपाच्या कडेतली खिंड, जिथून समुद्र आत-बाहेर करतो. आत येणारा प्रवाह असताना खिंडीच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क रांगेने उभे असतात. ते बघायला प्रवाहाच्या वरच्या बाजूला उडी मारून, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) रिकामं ठेवून, सरळ खाली जावं लागतं. पृष्ठभागावर मास्क नीट करत मिनिटभर रेंगाळलं की प्रवाह तुम्हाला खिंडीच्या पार नेऊन सोडतो. म्हणून मास्क, वजनं, कॅमेऱ्याची दोरी हे सगळं धोणीवरच, म्हणजे डायव्हिंगच्या स्थानिक बोटीवरच, तपासा. कान उडीआधीच एकदा मोकळे करून घ्या. कान अडला तर जबरदस्ती नको: थोडं वर या, जोडीदाराला खूण करा. जागा चुकलीच तर प्रवाहाशी झगडू नका, सोबत वाहत जा आणि सॉसेज (बोटीला जागा दाखवणारा लांबट फुगा) सोडून वर या. धोणीवाल्याला हे रोजचं आहे.

रीफ हुकची, म्हणजे प्रवाहात एका जागी राहायला दोरीने अंगाला बांधलेल्या आकड्याची, चूक मात्र धोक्याची. हुक जिवंत प्रवाळाला नाही, मेलेल्या खडकाच्या कपारीत अडकवायचा. अडकवल्यावर खडकावर घासू नये म्हणून बीसीडीत थोडी हवा भरतात, ते बरोबर. पण निघताना ती हवा काढायची राहते. हुक सुटतो आणि माणूस फुग्यासारखा वर सुटतो. क्रम पाठच करा: आधी हवा काढा, मग हुक सोडा.

बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली किंवा आडवे जाताना दिसले तर प्रवाह खाली ओढतोय. अशा वेळी सरळ वर चढायचा हट्ट धरू नका. रीफच्या भिंतीपासून बाहेर, आडवं पोहून त्या पट्ट्यातून सुटा. बीसीडीत हवा भरावी लागली तर सुटताक्षणी ती काढायची तयारी ठेवा.

निळ्यात खोली विसरणं

रसधू अटॉलची हॅमरहेड शार्कची डाइव्ह पहाटे असते. उजेड नीट आलेला नसतो, खाली तळ नाही, बाजूला भिंत नाही, चहूकडे निळं. खाली कुठेतरी हॅमरहेडची सावली हलते आणि आपण नकळत मान खाली घालून तिकडे सरकतो. 25, 28, 32. नजर टेकवायला काहीच नसल्यामुळे शरीराला उतरल्याचं कळतच नाही. मालदीवमध्ये हौशी डायव्हिंगची कायदेशीर मर्यादा 30 मीटर आहे आणि डिकम्प्रेशनच्या डाइव्ह (ज्यांत वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतात) चालत नाहीत. ओपन वॉटरचं, म्हणजे सुरुवातीचं, प्रमाणपत्र तर 18 मीटरपर्यंतचंच. खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर 28 मीटरचा इशारा लावून ठेवा आणि गाइडच्या पातळीच्या खाली जाऊ नका. शार्क वर यायचा असेल तर येईल. नाही आला तर ती डाइव्ह निळं पाणी बघण्यात गेली, आणि रसधूत असं बऱ्याचदा होतं. ज्यांना हे सोसवत नाही त्यांनी ही डाइव्ह घेऊच नये, असं माझं मत.

शार्कना सवयीचं समजणं

फुवहमुला बेटाला, विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला, बंदराच्या तोंडाशी टायगर शार्क येतात. मासळीच्या टाकाऊ तुकड्यांची त्यांना सवय आहे. इथे पाठ फिरवायची नाही. येणाऱ्या शार्ककडे बघत राहायचं, गटाच्या रांगेत राहायचं, हात अंगाशी. पांढरे हातमोजे, चमकणाऱ्या फिन्स किनाऱ्यावर ठेवा. एकट्याने घाईने वर निघणं सगळ्यात वाईट.

अलिमथा बेटाजवळ रात्री नर्स शार्क माणसांच्या मांड्यांना घासत फिरतात. गरीब वाटतात म्हणून कोणी शेपटीला हात लावतो. त्यांनाही दात असतात.

वर आल्यावर डाइव्ह संपली असं समजणं

वर येताना 5 मीटरवर 3 मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (सुरक्षेसाठीचा थांबा) सगळे करतात, पण करताना वाहत किती लांब गेलो याचं भान नसतं. सॉसेज स्टॉपवरूनच वर सोडा, म्हणजे धोणीला तुम्ही दिसता आणि इतर बोटी तुमच्यावरून जात नाहीत. धोणीची शिडी हातात येईपर्यंत मास्क आणि रेग्युलेटर (तोंडातलं श्वासाचं साधन) काढू नका.

आणि परतीचं विमान. सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर उडण्याआधी किमान 18 तास मोकळे हवेत. एखादं बेट फिरायला घेतलेलं सी-प्लेनही यातच धरा. तो रिकामा दिवस दक्षिण अरी अटॉलला ठेवता येतो. मामिगिली ते धिगुराच्या बाहेरच्या रीफवर व्हेल शार्क वर्षभर असतात, बहुतेक वाढत्या वयाचे नर, आणि ते पृष्ठभागाजवळच पोहतात, त्यामुळे टाकीची गरज नसते. 2009 पासून हा पट्टा संरक्षित आहे. अंगापासून 3 मीटर, शेपटीपासून 4 मीटर, फ्लॅश बंद, तोंडासमोर उडी नाही. त्याच्या बाजूने, खांद्याच्या रेषेत पोहा. तो खाली गेला तर मागोमाग बुडी मारू नका. डाइव्हनंतर खोल श्वासरोधी बुड्या टाळायच्याच असतात.