इंग्रजीच्या वर्गात वेबक्वेस्ट घेताना या चुका टाळा

शिक्षकाने आधीच निवडून दिलेल्या संकेतस्थळांच्या आधारे विद्यार्थ्यांनी गटात पूर्ण करायचा शोधप्रकल्प म्हणजे वेबक्वेस्ट. सॅन दिएगो स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक बर्नी डॉज यांनी 1995 मध्ये टॉम मार्च यांच्या साहाय्याने त्याचा आराखडा मांडला. प्रस्तावना, कार्य, कृतिक्रम, मूल्यमापन आणि समारोप ही त्याची आज रूढ झालेली अंगे आहेत. मात्र हा आराखडा इंग्रजी शिकवण्यासाठी बनलेला नव्हता. मराठी माध्यमाच्या नववीच्या वर्गात तो जसाच्या तसा वापरला, तर मुले माहिती गोळा करतात, सुंदर तक्ते लावतात, पण त्या सगळ्या खटाटोपात त्यांचे इंग्रजी मात्र होते तिथेच राहते. अशा वेळी दोष मुलांना किंवा इंटरनेटला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेकदा आपण दिलेल्या कार्यात असतो.

उत्तर उचलता येईल असे कार्य देणे

ही सर्वांत मोठी चूक आहे. ‘वेरूळची लेणी’ असा विषय देऊन लेणी किती आहेत, कैलास लेण्याचा क्रमांक कोणता, जागतिक वारसा यादीत समावेश कधी झाला, असे प्रश्न विचारले की 34, 16 आणि 1983 ही उत्तरे एकही इंग्रजी वाक्य नीट न वाचता मिळतात. डॉज यांनी पुढे कार्यांचे 12 प्रकार सांगितले; त्यांत मिळालेली माहिती पुन्हा सांगणे हा सर्वांत प्राथमिक प्रकार आहे आणि आपल्याकडचे बरेच प्रकल्प तिथेच अडकतात.

त्याऐवजी असे कार्य देऊन पाहावे: काही परदेशी पाहुणे सोमवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरला येणार असून मंगळवारी रात्री परतणार आहेत, त्यांच्याबरोबर गुडघेदुखी असलेल्या आजी आहेत, तर त्यांचा दोन दिवसांचा कार्यक्रम आखा आणि त्यांना इंग्रजीत पत्र लिहून तो पटवून द्या. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, हे मुलांना वाचूनच कळते. वेरूळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर आणि अजिंठा सुमारे 100 किलोमीटरवर आहे. अजिंठ्याला लेण्यांच्या सुमारे 4 किलोमीटर अलीकडे गाडी सोडून बसने जावे लागते. वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो, पण त्याची चढण खडी आहे. आजींनी किल्ल्यावर जावे की पायथ्याशी थांबावे, यावर गटात खरा वाद होतो. त्या वादासाठी ‘शुड’, ‘बिकॉज’, ‘टू फार’, ‘इझिअर दॅन’ यांवाचून चालत नाही. व्याकरणाच्या तासिकेत निर्जीव वाटणारी हीच रूपे इथे गरजेपोटी वापरली जातात आणि माझ्या मते वेबक्वेस्टचे सारे मोल या गरजेत आहे.

वाचनाचा स्तर न पाहता लिंक देणे

आधाराशिवाय मजकूर समजण्यासाठी त्यातील शंभरपैकी साधारण 98 शब्द वाचकाच्या ओळखीचे असावे लागतात, असे भाषाशिक्षणातील संशोधन सांगते. युनेस्कोच्या पानावरचे लेण्यांचे वर्णन या कसोटीवर आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना झेपणारे नसते, आणि न झेपणारा मजकूर समोर आला की मूल भाषांतराचे बटण दाबून मराठीत वाचू लागते. त्याला रागावून उपयोग नाही. चार-पाचच पाने द्यावीत आणि ती स्वतः शेवटपर्यंत वाचलेली असावीत. त्यांत सिंपल इंग्लिश विकिपीडियासारखे सोपे पान, वेळापत्रक किंवा नकाशा, आणि एखादेच कठीण पान असावे. त्या कठीण पानावरचा नेमका कोणता परिच्छेद वाचायचा ते सांगून दहा-बारा शब्दांचे अर्थ आधीच फळ्यावर द्यावेत. मुलांना मोकळे शोधायला सोडणे हे स्वातंत्र्य वाटते, पण कच्च्या वाचकाचा सगळा वेळ त्यात चुकीच्या पानांवर जातो.

वाचायला मदत, लिहायला मात्र नाही

डॉज यांनी मदतीचे तीन टप्पे मानले आहेत: माहिती ग्रहण करताना, तिचे रूपांतर करताना आणि शेवटी मांडणी करताना. आपण पहिल्यावर थांबतो. पाने वाचून झाल्यावर “आता पत्र लिहा” म्हटले की माहिती हाती असूनही मुलांना वाक्य सुचत नाही आणि ती पानावरचा मजकूरच उतरवून काढतात. मधल्या टप्प्यासाठी तुलनेची कार्यपत्रिका द्यावी, ज्यात ठिकाण, वेळ, अंतर आणि आजींना होणारा त्रास एवढेच सुट्या शब्दांत नोंदवायचे असेल; पूर्ण वाक्ये उतरवण्यास तिथे मनाई असावी. पत्रासाठी काही वाक्यांच्या सुरुवाती आणि पत्राचा एक नमुना द्यावा, पण नमुन्याचा विषय वेगळा ठेवावा.

एकच मूल सगळे काम करते

सर्वांना सारखीच पाने दिली तर हे होणारच. एकाला वेळा, दुसऱ्याला अंतर आणि वाहने, तिसऱ्याला चढण आणि पायऱ्या अशी वेगवेगळी पाने द्यावीत, म्हणजे दुसऱ्याला विचारल्यावाचून कोणाचेच काम पुढे सरकणार नाही. गटात मुले मराठीत बोलतात म्हणून तळमळणाऱ्या शिक्षकांना मी एवढेच सांगेन की आखणीची चर्चा मराठीत होऊ द्यावी. मात्र आपल्या पानावरची माहिती गटाला देताना ती इंग्रजीतच द्यायची, हा नियम कडक असावा.

तांत्रिक अडचणी

बंद पडलेल्या लिंक आणि मंद इंटरनेट यांवर उपाय सोपा आहे: तासिकेच्या आदल्या दिवशी सर्व लिंक शाळेच्याच नेटवर्कवर उघडून पाहाव्यात आणि महत्त्वाची पाने छापून किंवा मोबाइलवर साठवून ठेवावीत. गटामागे एक मोबाइल पुरतो. छोटा वेबक्वेस्ट एक ते तीन तासिकांत संपावा. तो लांबला की उत्साह ओसरतो.

निकष शेवटी सांगणे

मूल्यमापनाचे निकष पहिल्याच दिवशी द्यावेत. सजावटीला गुण ठेवले की मुले सजावटच करतात. निर्णयाला दिलेली कारणे, त्यांचा वाचलेल्या पानांशी असलेला संबंध आणि ठरवून घेतलेल्या एक-दोन भाषारूपांचा वापर, एवढेच तपासावे. पत्रातली प्रत्येक चूक लाल शाईने रंगवली की पुढच्या वेळी मूल दोनच सुरक्षित वाक्ये लिहिते.

आता तयार पत्र चॅटबॉटही लिहून देतो, त्यामुळे केवळ लेखी कामावर सगळे गुण ठेवणे घातक आहे. गटातील कोणत्याही एका मुलाला उभे करून विचारावे: आजी मंगळवारीच येणार असत्या, तर तुमच्या कार्यक्रमात काय बदलले असते? ज्याने पाने वाचली आहेत, त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, उत्तर देता येते, आणि त्या उत्तरालाही गुण असावेत.