चौघांचा फ्लॅट, एक टाकी: सोलापुरात पाण्याचा खर्च कसा आटोक्यात ठेवावा

सोलापुरात चार-पाच जण मिळून फ्लॅट भाड्याने घेतात, तेव्हा पाण्याच्या खर्चाविषयीची पहिली गल्लत पाणीपट्टीवरून होते. जिथे घरगुती नळजोडाला मीटर नाही, तिथे पाणीपट्टी ठरावीक रकमेची असते आणि तुम्ही चार बादल्या कमी वापरल्या म्हणून ती उतरत नाही. खिशाला खरी कात्री लागते ती टँकरची वर्गणी, पिण्याच्या पाण्याचे जार आणि पाणी गच्चीवर चढवणाऱ्या मोटारीचे वीजबिल यांमुळे. त्यामुळे राहायला जाण्यापूर्वीच यांपैकी कोणता खर्च मालकाचा आणि कोणता भाडेकरूंचा, हे भाडेकरारात स्पष्ट लिहून घ्यावे. सहकारी सोसायटी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, पाण्याचे शुल्क फ्लॅटमधील नळांची संख्या आणि त्यांचा आकार यांवर ठरते; माणसे किती राहतात यावर नाही. ‘तुम्ही चौघे आहात, म्हणून दुप्पट द्या,’ असे कोणी म्हणाले, तर हा मुद्दा शांतपणे पुढे ठेवता येतो.

दुसरे काम हिशेबाचे. उजनी धरण, भीमेवरील टाकळी आणि हिप्परग्याचा तलाव या तिन्ही ठिकाणांहून शहराला पाणी मिळत असले, तरी नळाला ते रोज येईलच असे नाही. पुढचा ‘पाण्याचा दिवस’ येईपर्यंत साठा पुरवावा लागतो. समजा, तुमच्या वाट्याला गच्चीवरची १,००० लिटरची टाकी आणि २०० लिटरचा एक बॅरल आहे, माणसे चार आहेत आणि पाणी चार दिवसांनी येते. १,२०० लिटर भागिले १६, म्हणजे प्रत्येकाला दिवसाला ७५ लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने तुम्हाला २,१६० लिटर लागतील आणि ९६० लिटरची तूट पडेल. टँकर बोलवावा लागतो तो या तुटीपायी. आपल्या फ्लॅटचा आकडा एकदा काढून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवावा, कारण ‘पाणी जपून वापरा’ या सूचनेपेक्षा ‘प्रत्येकी चार बादल्या’ ही सूचना सहज पाळली जाते. बादली साधारण १८ लिटरची धरली आहे.

आता गळतीकडे वळू, कारण सर्वाधिक बचत तिथेच होते. नळाची टपटप कानाला ऐकू येते, म्हणून तिचा बंदोबस्त लवकर होतो. कमोडच्या फ्लश टाकीची गळती मात्र महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. ती तपासण्यासाठी टाकीचे झाकण काढावे, खालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा छोटा नळ, बंद करावा आणि आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने खूण करावी. अर्धा तास कोणीही फ्लश वापरू नये. पातळी खाली गेली असेल तर तळाचे रबरी वॉशर झिजले आहे किंवा त्यावर क्षार साचले आहेत. बोअरच्या जड पाण्यामुळे हे वारंवार होते. पातळी तशीच राहिली, पण कॉक उघडल्यावर कमोडमध्ये बारीक धार दिसू लागली, तर दोष फ्लोटचा, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या भागाचा आहे. तो जास्त उंचीवर बसवलेला असल्याने जादा पाणी मधल्या नळीतून सतत वाहून जाते. आमच्या फ्लॅटमध्ये अर्ध्या तासात पातळी दोन बोटे उतरली होती आणि खुणेपर्यंत पुन्हा भरायला लिटरची दोन मापे लागली. म्हणजे दिवसाला ९६ लिटर. भाडे न देणारा पाचवा माणूस आमच्याबरोबर राहत होता म्हणा ना! वॉशर बदलल्यावर तो निघून गेला.

पाण्याच्या दिवशी होणारी उधळपट्टी हा याहून नाजूक विषय आहे, कारण तिच्यामागे घरोघरची सवय आहे. नळ आला की कालपर्यंत जपलेले पाणी ‘शिळे’ ठरते आणि घागरी, पिंप, बॅरल सगळे मोरीत रिकामे होते. पिण्याचे पाणी बदलावे, याविषयी दुमत नाही. पण उरलेले पाणी ओतून न देता त्याच दिवशी फरशी, भांडी आणि कपडे यांसाठी वापरून संपवावे आणि मग भांडे घासून भरावे. बॅरल आठवड्यातून एकदा आतून घासून कोरडा करणे मात्र टाळू नये, कारण डेंग्यूचा डास अशाच साठ्यात वाढतो. भरलेल्या बॅरलवर घट्ट झाकण किंवा दुहेरी कापड बांधावे.

टाकी वाहू लागल्यावर मोटार बंद करायला कोणी धावायचे, हेही ठरलेले असावे. शक्य असल्यास मालकाला सांगून पातळी कळवणारा अलार्म बसवून घ्यावा. मोटार नेहमी हौदातूनच पाणी उचलणारी असावी. नळाला थेट मोटार जोडणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्या ओढीने जलवाहिनीच्या फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत येऊ शकते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. शॉवरऐवजी बादली वापरावी. वॉशिंग मशीन प्रत्येकाने चार कपड्यांसाठी वेगळे न लावता दोघांचे कपडे एकत्र करून पूर्ण भरून लावावे. घरात सोलापुरी चादरी असतील, तर त्या कपड्यांच्या उरलेल्या साबणपाण्यात आधी भिजवाव्यात. त्या पाणी किती पितात, हे धुतल्याशिवाय कळत नाही. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फ्लशसाठी वापरावे, पण कूलरमध्ये घालू नये, कारण त्यातील क्षारांमुळे जाळ्या पांढऱ्या पडून कडक होतात.

शेवटी वाटणी. ठरावीक रक्कम सर्वांनी सारखी भरावी. टँकर आणि जार यांचा खर्च मात्र मुक्कामाच्या दिवसांनुसार विभागावा, कारण दर शनिवारी बार्शीला किंवा पंढरपूरला घरी जाणाऱ्याने महिनाभर राहणाऱ्याइतके पैसे देणे न्याय्य नाही. उदाहरणार्थ, महिन्याचा खर्च १,२०० रुपये आहे आणि चौघांचे मुक्काम ३०, ३०, २२ व १८ दिवसांचे आहेत. एकूण १०० दिवस झाले, म्हणजे दिवसाला १२ रुपये. वाटे अनुक्रमे ३६०, ३६०, २६४ आणि २१६ रुपयांचे होतात. पाहुणा आल्यास त्याचे दिवस ज्याच्याकडे तो आला त्याच्या नावावर मांडावेत. हे दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयातच लिहावेत आणि पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता आले, याची नोंदही त्याच चौकटीत करावी. दोन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या की पुढचा टँकर खरोखर लागणार आहे की एक दिवस थांबता येईल, हे चौघांनाही दिसते.