‘म्हणून काय?’: सुरुवातीच्या अमेरिकन इतिहासाचा अभ्यास कसा करावा

पहिल्या मिडटर्ममध्ये मी सगळं अचूक लिहिलं होतं. जेम्सटाउन १६०७, मेफ्लॉवर १६२०, बेकनचं बंड १६७६. एकही साल चुकलं नव्हतं. पेपर परत आला तेव्हा समासात प्राध्यापिकाबाईंनी तीन ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता: ‘म्हणून काय?’ ग्रेड होती सी.

पुढे त्याच कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये मी तीन वर्षं याच कोर्सच्या मुलांना शिकवलं. बहुतेकांचं घोडं तिथेच अडायचं. शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या असं मनात बसलेलं असतं आणि इथे सनावळीला जेमतेम मार्क मिळतात. अमेरिकेत पदवीला गेलेल्या मुलामुलींना हा कोर्स बरेचदा सक्तीचा म्हणून घ्यावा लागतो. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी सिलॅबसमध्ये कोर्स कुठे संपतो ते बघा. काही कॉलेजांत तो १८६५ ला थांबतो, काहींत १८७७ ला. त्या बारा वर्षांत रिकन्स्ट्रक्शन येतं, म्हणजे गुलामगिरी गेल्यावर स्वातंत्र्याचा अर्थ काय, यावरचा सगळा झगडा. तो शेवटच्या दोन आठवड्यांत घाईघाईनं उरकला जातो आणि फायनलला हमखास विचारला जातो.

मग एक कोरा नकाशा घ्या. ॲपलॅचियन डोंगररांग, हडसन, जेम्स, ओहायो आणि मिसिसिपी या नद्या हातानं काढा. १७६३ च्या राजघोषणेनं वसाहतवाल्यांना डोंगरापलीकडे वस्ती करायला मनाई केली. ती रेघ स्वतः ओढली की वसाहतवाले का चिडले, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक प्रकरण वाचताना मी दोन प्रश्न समोर ठेवायला शिकले: जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, आणि ती कोणी कसली? ‘कसेल त्याची जमीन’ हे वाक्य आपण ऐकत आलो आहोत. व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत नेमकं उलट घडलं, आणि ते कसं घडलं हे एकदा नीट कळलं की अर्धा कोर्स हाताशी येतो.

हा धागा मी मुलांना असा उलगडून दाखवायचे. तंबाखूला भाव आला. तंबाखू जमिनीचा कस खातो, म्हणून सतत नवी जमीन हवी, ती तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे पॉहाटन लोकांची. राबायला माणसंही हवीत. जो स्वतःच्या खर्चानं माणूस आणेल त्याला माणशी ५० एकर, असा नियम झाला. बहुतेक मजूर इंग्लंडमधून आलेले करारबद्ध नोकर होते, साधारण चार ते सात वर्षांच्या बोलीवर. १६१९ मध्ये जेम्सटाउनला, म्हणजे व्हर्जिनियाच्या राजधानीत, पहिली प्रतिनिधीसभा भरली, आणि काही आठवड्यांतच वीसेक आफ्रिकन माणसांना पॉइंट कम्फर्टला आणून विकलं गेलं. पण त्या वेळी सगळं दगडावरची रेघ नव्हतं. १६२१ मध्ये आलेला अँथनी जॉन्सन हा आफ्रिकन माणूस पुढे स्वतंत्र झाला आणि १६५१ पर्यंत २५० एकरांचा मालक होता. एलिझाबेथ की हिनं, आपले वडील इंग्रज आहेत असा दावा करून, १६५६ मध्ये कोर्टात स्वातंत्र्य मिळवलं.

इथे थांबा आणि पुढचा कायदा बघा. १६६२: मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरेल. इंग्लंडची रीत बापावरून ठरवण्याची होती, ती उलटवली. १६६७: बाप्तिस्मा घेतल्यानं गुलामी सुटत नाही. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकन या मळेवाल्यानं गव्हर्नरविरुद्ध बंड केलं. त्याच्या माणसांनी आधी शांतपणे राहणाऱ्या मूळ रहिवाशांवर हल्ले केले, मग जेम्सटाउनच जाळलं. त्या बंडात गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र होते. त्यानंतर मळेवाले गुलाम मजुरांकडे अधिकाधिक वळले, आणि १७०५ मध्ये गुलामगिरीचे कायदे एका संहितेत बांधले गेले. बेकनमुळेच हे झालं का, यावर इतिहासकारांत वाद आहे. तो वाद उत्तरात एका वाक्यात आणलात तर परीक्षकाला कळतं की तुम्ही विचार केला आहे.

मूळ साधनं वाचताना चार गोष्टी लिहून काढा: कोणी लिहिलं, कोणासाठी, कधी, आणि त्याला काय हवं होतं. सरावाला ५ मार्च १७७० चा बॉस्टनचा गोळीबार उत्तम: ब्रिटिश शिपायांनी तिथे गर्दीवर गोळ्या झाडल्या. बॉस्टनच्याच पॉल रिव्हियरनं छापलेल्या चित्रात शिपाई एका रांगेत उभे आहेत आणि मागून त्यांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन हुकूम देतो आहे. प्रेस्टनच्या जबानीत गर्दी अंगावर येते आहे आणि त्यानं हुकूम दिलेलाच नाही. पाच माणसं मेली. खटल्यात शिपायांची बाजू जॉन ॲडम्सनं मांडली. प्रेस्टन सुटला, शिपायांपैकी सहा सुटले, दोघांवर मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला. खरं कोण बोलतो, हे ठरवायची घाई करू नका. ते चित्र कोणाला पेटवण्यासाठी होतं, ते आधी लिहा.

असे दस्तऐवज येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन प्रोजेक्ट आणि फाउंडर्स ऑनलाइन या वेबसाइटांवर फुकट मिळतात. जुन्या छपाईत शब्दाच्या मधला ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो, दोन पानांत डोळ्याला सवय होते. तारखांचा गोंधळ मात्र जपून सोडवा. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं आणि तिथलं जुनं कॅलेंडर आजच्या कॅलेंडरच्या अकरा दिवस मागे होतं, म्हणून जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१ आणि आपल्या पुस्तकात २२ फेब्रुवारी १७३२ असा येतो.

एक सवय मला फार मोलाची वाटते: ‘इंडियन’ असं मोघम लिहायचं नाही. वाम्पानोआग, चेरोकी, पुएब्लो असं नाव घ्यायचं. एका कागदावर आडवी पट्टी आखा आणि १६७५ ते १६८० एवढीच वर्षं भरा. न्यू इंग्लंडमध्ये वाम्पानोआगांचा प्रमुख मेटाकॉम याचं इंग्रज वसाहतवाल्यांशी युद्ध, व्हर्जिनियात बेकन, आणि १६८० मध्ये पुएब्लो लोकांनी न्यू मेक्सिकोतलं सांता फे सोडायला लावून स्पॅनिशांना बारा वर्षं हुसकावलं. पुस्तकात ही तीन वेगळी प्रकरणं असतात. पट्टीवर ती शेजारी येतात आणि जमिनीचा प्रश्न सगळीकडे एकदम कसा पेटला होता ते दिसतं.

अमेरिकन क्रांतीची लढाई-लढाईनुसार यादी करत बसू नका. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या सैन्यानं शस्त्रं ठेवली, तोच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, एवढं आपल्याला कधीच विसरायला होत नाही.

निबंधाच्या प्रश्नाला पहिली पाच मिनिटं फक्त मुद्दा ठरवायला ठेवा. ‘गुलामगिरी अनेक कारणांनी रुजली’ हे वाक्य कोणीही लिहील. त्याऐवजी: ‘तंबाखूला मजूर हवे होते, एवढ्यानं व्हर्जिनियात वंशावर आधारलेली गुलामगिरी आली नाही, १६६२ ते १७०५ या काळात प्रतिनिधीसभेनं ती कायद्यानं एकेक पायरीनं घडवली.’ मग प्रत्येक परिच्छेदाला एक कायदा किंवा एक माणूस. परिच्छेद संपला की पेन्सिलीनं समासात स्वतःच ‘म्हणून काय?’ लिहा आणि उत्तराचं वाक्य जोडून मगच पुढच्या परिच्छेदाला हात घाला.