शहरी जिल्ह्यात क्षयरोग आणि फुफ्फुसाच्या आजारांचे मृत्यू मोजताना या चुका टाळा

क्षयरोगाच्या मृत्यूंचा आकडा एकाएकी घसरला, तर समाधान मानण्याआधी वीस-पंचवीस मृत्यू प्रमाणपत्रं काढून स्वतः वाचा. बहुतेक घोळ तिथंच असतो: पहिली ओळ बघून मृत्यूच्या कारणाचा कोड लावलेला असतो.

नमुना बघा. भाग 1 (अ) श्वसन निकामी, 2 दिवस. (आ) न्यूमोनिया, 6 दिवस. (इ) फुफ्फुसाचा क्षयरोग, 5 महिने. भाग 2 (साखळीबाहेरचे, पण मृत्यूला हातभार लावणारे आजार): मधुमेह. साखळी खालून वर वाचायची. क्षयरोगातून न्यूमोनिया, त्यातून श्वसन निकामी. क्रम पटतो, म्हणून मूळ कारण क्षयरोग. आयसीडी-10 मध्ये (आजार आणि मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय कोड-यादी) ए16.2, थुंकी तपासणीत जंतू सापडल्याची नोंद असेल तर ए15. वरची ओळ उचलली की श्वसन निकामीचा जे96 लागतो आणि हा माणूस क्षयरोगाच्या यादीतून गायब होतो. ओळींपुढचा कालावधी रिकामा सोडू नका. क्रम चुकलाय का, हे त्यावरूनच कळतं.

नुसतं 'हृदयक्रिया बंद पडली' लिहिलेलं प्रमाणपत्र आलं, तर त्याच आठवड्यात सही करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. महिन्यानंतर केसपेपर शोधण्यातच वेळ जातो.

एचआयव्ही असलेल्या रुग्णाचा क्षयरोगानं मृत्यू झाला, तर कोड बी20.0 लागतो. क्षयरोगाचे ए15 ते ए19 एवढेच कोड शोधले की हे मृत्यू सुटतात. ते वेगळ्या रकान्यात मोजा. आणि क्षयरोग उपचार नोंदवहीतला 'मृत्यू' हा शेरा उपचारादरम्यानच्या कुठल्याही कारणाच्या मृत्यूला दिला जातो, अपघातालाही. त्यामुळे तो आकडा प्रमाणपत्रांच्या आकड्यात मिळवू नका. दोन्ही याद्या नाव, वय, लिंग, पत्ता आणि तारखेवरून ताडून बघा. आडनावाचं स्पेलिंग बदललं की एकच मृत्यू दोनदा मोजला जातो.

मोठी रुग्णालयं शहरात, त्यामुळे बाहेरगावचे रुग्णही इथंच दगावतात. छेदात शहराची लोकसंख्या आणि अंशात रुग्णालयातले सगळे मृत्यू घेतले, तर दर विनाकारण फुगतो. नेहमीचं राहण्याचं ठिकाण धरा, आणि बाहेर मरण पावलेल्या आपल्या रहिवाशांच्या नोंदी शेजारच्या जिल्ह्यांकडून मागवा. दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) यांसाठी वॉर्डांची तुलना वयोगटानुसार प्रमाणित दरानंच करा, म्हणजे सगळ्या वॉर्डांची वयोरचना सारखी धरून काढलेल्या दरानं. म्हाताऱ्यांची वस्ती जास्त असलेला वॉर्ड एरवी कायम वाईटच दिसणार.

एका वॉर्डात महिन्याला 2 चे 4 मृत्यू झाले, तर त्याला 'दुप्पट' म्हणू नका. 12 महिन्यांची बेरीज बघा. आलेख मृत्यूच्या तारखेवर काढा, नोंदणीच्या नव्हे. उशिरा येणाऱ्या नोंदींमुळे शेवटचे आठवडे नेहमीच कमी दिसतात, म्हणून नोंदी कुठल्या तारखेपर्यंतच्या आहेत ते प्रत्येक तक्त्यावर लिहा.