लेकीबद्दल लिहिताना माझं काय चुकलं

मी लिहायला लागले त्याला आता ९ वर्षं झाली. या काळात २८ लेख छापून आले. त्यातला एक छापून यायला नको होता, आणि आज त्याच्याबद्दलच लिहायचंय. घरात नवरा, सासूबाई आणि बारावीत शिकणारी लेक. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. गाव कृष्णाकाठचं, नाव सांगणार नाही. माझंही नाव या लेखाखाली नाही. का नाही, ते पुढे कळेलच.

नव्याने आई झालेल्या मुली मला विचारतात, "ताई, बाळाबद्दल लिहावंसं वाटतंय, कुठून सुरुवात करू?" सुरुवात कुठूनही करा, खरंच. टोपडं धुताना जे सुचलं तिथून करा. रात्री अडीचला बाळ खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या मारताना फ्रिजचा आवाज ऐकू आला, तिथून करा. लिहायला जमणार नाही ही भीती सगळ्यांत आधी वाटते आणि सगळ्यांत आधी जातेही. महिनाभर रोज दहा ओळी लिहा, हात वळेल. माझा वळला, तुमचाही वळेल. एवढंच सांगते की ओळी वहीत लिहा, फोनवर नको. फोनवर लिहिलेलं कुणाला तरी पाठवावंसं वाटतं आणि पाठवलं की 'किती छान' येतं. ते 'किती छान' वाचलं की मजकूर तिथेच गोठतो. हा माझा हट्ट आहे असं म्हणा, पण मी तो सोडणार नाही.

दुसरी एक गोष्ट थोडक्यात सांगून टाकते. 'आई म्हणजे त्याग, आई म्हणजे माया' असलं काही लिहू नका. वाचणाऱ्या बाईला ते माहीत आहे आणि अर्धं खोटं आहे हेही माहीत आहे. त्यापेक्षा सहाणेवर मुरुडशेंग उगाळताना सासू किती वेढे सांगायची आणि डॉक्टरांनी सहा महिने वरचं काही द्यायचं नाही म्हटल्यावर तुम्ही त्या दोघांमध्ये कशा उभ्या राहिलात, ते लिहा. दीड महिन्याच्या इंजेक्शनानंतर बाळ रात्रभर किरकिरलं तेव्हा तुम्हाला राग कुणाचा आला होता, ते लिहा. बाळाचा आला असेल तर तसं लिहा. लाजू नका.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

माझी लेक आठ वर्षांची होईपर्यंत रात्री अंथरूण ओलं करायची. डॉक्टर म्हणाले होते की यात मुलीची चूक नाही, आईचीही नाही, बहुतेक मुलांचं वय वाढेल तसं आपोआप थांबतं. तिचंही थांबलं. थांबल्यावर वर्षभराने मी त्यावर लेख लिहिला. मनापासून लिहिला. असं ज्या घरात चालू असेल तिथल्या आईला धीर येईल असं वाटत होतं, आणि तो येतोही, ते खोटं नाही. लेकीचं नाव बदलून मी चिऊ केलं. लेख पाठवायच्या आधी तिला जवळ घेऊन विचारलं, "तुझं ते रात्रीचं लिहू का गं?" ती नऊ वर्षांची होती. चित्र रंगवत होती. "लिही की," म्हणाली. दिवाळी अंकात लेख आला, चार अनोळखी आयांची पत्रं आली. लेकीने अंकात माझा फोटो पाहिला आणि मैत्रिणींना दाखवला.

तीन वर्षं काहीही झालं नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण फसगत इथेच होते. लेख छापून आला, कुणी दुखावलं नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं आपण धरून चालतो. पण दिवाळी अंक दिवाळीपुरता नसतो. आपल्याकडे ही परंपरा १९०९ सालची, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकापासूनची, आणि तेव्हापासून अंक हातोहात फिरतायत. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत एकच अंक कितीतरी घरांत जातो, मग जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात बसतो, आणि तिथून कुणीतरी दुपारी वाचायला म्हणून घेऊन जातं. लेक सातवीत असताना तिच्या क्लासमधल्या एका मुलाच्या आईने तो अंक असाच आणला. तिला लेख आवडला. तिने पानांचे फोटो काढून क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर टाकले, वर लिहिलं, 'आपल्याच ताईंचा लेख, सगळ्या आयांनी वाचा.' तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि मी, लेकीची आई, त्याखाली हात जोडलेलं चित्र टाकून आभार मानले.

आयांच्या फोनवर जे येतं ते मुलं बघतात. तीन आठवडे लेक 'पोट दुखतंय' म्हणून क्लास बुडवत राहिली. मला वाटलं, वयात येतेय, असेल. शेवटी एका रात्री बोलली. म्हणाली, "तू विचारलं होतंस, मी हो म्हटलं होतं, पण मला कुठं माहीत होतं सातवी कशी असते?"

या वाक्यातच सगळं आहे. परवानगी घ्या, असं सगळेच सांगतात. मी घेतली होती. नऊ वर्षांच्या मुलीने दिलेली परवानगी बारा वर्षांच्या मुलीच्या कामाची नसते. तिने 'हो' म्हटलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आई होती आणि रंगपेटी होती. मागच्या बाकावरचा मुलगा नव्हता, ग्रुप नव्हता. तो तिला दिसणं शक्य नव्हतं, मला शक्य होतं. म्हणजे बघायचं काम माझं होतं आणि ते मी तिच्यावर टाकलं. लहान मुलाचा होकार आपल्याला हवा असतो तो बहुतेक वेळा आपली टोचणी बंद करायला.

नाव बदलल्याचा तर काडीचा उपयोग नसतो. चिऊ म्हणा नाहीतर परी म्हणा. लेखाच्या डोक्यावर माझं नाव, आडनाव, फोटो, खाली गाव. मला मुलगी एकच. चिऊ कोण हे शोधायला कुणाला कष्ट पडणार होते? घरच्यांबद्दल लिहिताना नाव बदलून फक्त परक्या माणसांपासून लपता येतं. ज्यांच्यापासून लपवायची गरज असते ती शेजारी, शाळेत आणि भावकीतच असतात, आणि त्यांना पहिल्या परिच्छेदातच कळतं.

मी हे सांगते तेव्हा काहीजणी रमाबाई रानड्यांचं आणि लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण देतात. त्यांनी लिहिलंच ना घरातलं सगळं? लिहिलं, आणि किती निर्भीडपणे लिहिलं. पण साल बघा. रमाबाईंचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले आणि रमाबाईंच्या आठवणी १९१० साली आल्या. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ सालचा. ज्यांच्याबद्दल मुख्यतः लिहिलं ती माणसं तोवर हयात नव्हती, शिवाय ती मोठी, कर्ती, स्वतःची बाजू स्वतः मांडलेली माणसं होती. आपण लिहितो ते उद्या सकाळी दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलाबद्दल. दोन्ही एका मापाने मोजू नका.

मग काय, मुलांबद्दल लिहायचंच नाही? लिहायचं. घाबरून वही मिटून ठेवू नका, मी दीड वर्षं मिटून ठेवली होती आणि त्या काळात मी घरात कुणाशी धड बोलतही नव्हते. त्या दीड वर्षानंतर मी एक पद्धत धरली. लेखाचा पहिला खर्डा झाला की पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधायचा, शाळेत शोधायचो तसा. 'ती उठली, ती रडली, तिने लपवलं' अशी वाक्यं एकापाठोपाठ एक यायला लागली की समजायचं, गोष्ट तिची आहे, आपण नुसत्या खिडकीत उभ्या आहोत. ती गोष्ट तिच्यासाठी ठेवून द्यायची. 'मी' कर्ता असलेली वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवायची आणि तेवढ्यातून लेख होतो का बघायचं.

माझ्या त्या जुन्या लेखात वाक्य होतं, 'रात्री तीन वाजता चिऊ मला हलवायची, आई परत झालं म्हणायची.' ते काढल्यावर काय उरलं? पहाटे पावणेपाचला मी न्हाणीघरात दिवा न लावता बादलीत चादर बुडवायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, साडेपाचला उठायच्या, त्याआधी चादर गच्चीवर जायला हवी असायची. मी का लपवत होते? लेक झाली तेव्हा कायद्याने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची होती, २६ आठवडे २०१७ साली झाले. तीन महिन्यांचं पोर घरी ठेवून मी कामावर गेले होते आणि कुणी काही बोललं नसलं तरी मला आतून वाटत होतं की पोरीचं हे जे होतंय ते माझ्या त्या जाण्यामुळे होतंय. आत्याबाई उठल्या की तेच म्हणतील, या भीतीने मी अंधारात चादर पिळत होते.

हे पहिल्या लेखात कुठेच नव्हतं. स्वतःची लाज झाकायला मी लेकीची लाज पुढे केली होती. हे कळलं त्या दिवशी मी पतसंस्थेत कॅशवर बसले होते आणि दोनदा रक्कम चुकले.

तरीही ही पद्धत पुरी पडत नाही. नवा लेख चांगला झाला, पण चादर का भिजली होती हे वाचणाऱ्याला कळणारच. म्हणून तो फाईलमध्येच राहिला. चांगला झालेला लेख फाईलमध्ये ठेवायला जड जातं. ठेवा. इथे मी हे सगळं सांगू शकतेय ते लेक आता सतरा वर्षांची आहे, तिनेच 'हे सांग, पण नाव घालू नकोस' म्हटलं म्हणून.

मोठ्या माणसांचं वेगळं. त्यांना लेख वाचून दाखवायचा, पूर्ण, मोठ्याने. 'तुमच्याबद्दल थोडं लिहिलंय' एवढं सांगून सुटायचं नाही. आत्याबाईंवर मी लिहिलं तेव्हा आमच्या दोघींच्या भांडणाचा प्रसंग होता आणि मला धाकधूक त्याचीच होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "भांडल्याचं लिव की, भांडलोच व्हतो. पर माझं लुगडं फाटकं व्हतं असं नगो लिवू. माझ्या भावांनी वाचलं तर त्यास्नी काय वाटंल?" प्रश्न माहेरच्या अब्रूचा होता. मला ते लुगडं नुसतं वर्णन वाटलं होतं. दुसऱ्याला नेमकं काय लागेल याचा अंदाज आपल्याला नसतो, म्हणून वाचून दाखवायचं. वाक्य काढलं. लेखाचं काही बिघडलं नाही.

नवऱ्याबद्दल मी अजून नीट लिहू शकलेले नाही. त्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. एवढंच की भांडण झालं त्या महिन्यात त्यावर लेख लिहू नये. वहीत लिहावं, हवं तेवढं.

आता आडवाटांबद्दल. 'दोन दिवसांत ललित लेखन' छापाच्या कार्यशाळांना पैसे भरू नका. मी दोन केल्या. दोन्हीकडे शेवट 'डोळ्यांत पाणी येईल असा' करायला शिकवलं आणि तो रोग माझ्या लेखणीतून जायला तीन वर्षं गेली. लेख संग्रहात घेतो, अमुक पैसे भरा असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. सन्मानचिन्ह देतात, तेही घेऊ नका. तुमच्या बाळंतपणाची आठवण इतकी स्वस्त नाही. त्यापेक्षा वाचून दाखवायला एक माणूस शोधा. माझ्या वाट्याला एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्या कधी छान म्हणत नाहीत. 'इथे तू खोटं बोलतेस' एवढं म्हणून कागद परत देतात. पहिल्यांदा मी घरी येऊन रडले होते. पण अंथरुणाचा लेख मी त्यांना दाखवला नव्हता, घाईने थेट पाठवला होता. दाखवला असता तर त्यांनी अडवलं असतं, याची मला खात्री आहे.

बाकीचं फार अवघड नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फॉन्टमधला उघडला की नुसती चिन्हं दिसतात. दिवाळी अंकाला लेख द्यायचा तर पावसाळा लागायच्या सुमारास चौकशी करा, गणपतीत पाठवून उपयोग नसतो. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, शब्दसंख्या लिहा, आणि मानधनाचं विचारायला संकोचू नका. काहीजण देतात, काहीजण फक्त अंक पाठवतात, पण विचारल्याने कुणी रागावत नाही. लेख परत आला तर तो वाईटच आहे असं धरू नका. माझे पहिले सहा परत आले होते. त्यातले दोन नंतर छापले गेले, एका शब्दाचाही बदल न करता.

लेक आता माझे सगळे खर्डे वाचते. पेन्सिल घेऊन बसते. कधी तिने खोडलेलं मला पटत नाही, आम्ही वाद घालतो, आणि तिच्याबद्दलचं असेल तर शेवटी तिचं राहतं. हाही लेख तिने काल रात्री अभ्यास झाल्यावर वाचला. क्लास बुडवल्याचं जिथे लिहिलंय, तिथे ती त्या रात्री मला जे बोलली त्याची दोन वाक्यं होती. एक तिने राहू दिलं.