धाब्याच्या घरात मासिकासारखा फोटो कसा काढावा

फॅशनच्या मासिकातला चेहरा बघताना आधी बुबुळात बघा. तिथला पांढरा ठिपका म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब. चौकोनी असेल तर सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड लावलेला पेटीसारखा दिवा) किंवा खिडकी, गोल कडं असेल तर रिंगलाइट. वर एक आणि खाली एक असे दोन ठिपके दिसले, तर दिवा वरून आणि हनुवटीखाली रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवणारा पांढरा फलक. मग नाकाची सावली. ती नाकाच्या बरोबर खाली, फुलपाखराच्या आकाराची असेल तर दिवा समोर आणि उंचावर. १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओत नटी मार्लिन डीट्रिचचे फोटो असेच घेत. गालाची हाडं छान उठून दिसतात. सावली तिरकी जाऊन पलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरला असेल तर ती रेम्ब्रांट पद्धत, त्यात दिवा बाजूला असतो.

आपण फुलपाखरू पद्धत करू. अमळनेर, शिरपूरकडे कुणाचं जुनं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर असेल तर ते गाठा. मातीच्या जाड भिंती, आत अंधार, उजेड येतो तो दारातून. स्टुडिओवाले काळे पडदे लावून हेच तर करतात. स्लॅबचं घर असेल तर एक दार सोडून बाकी खिडक्यांवर गोधड्या टाका. ट्यूब आणि बल्ब बंद. पांढरी ट्यूब ६५०० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपास, पिवळा बल्ब २७००च्या. दोन्ही दारातल्या उजेडात मिसळले की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा कावीळ झाल्यासारखा दिसतो. पोपटी ऑइलपेंटच्या भिंतीलगतही कुणाला बसवू नका, तो रंग गालावर उतरतोच.

दारात ऊन येत असेल तर पांढरं धोतर एकेरी ताणून बांधा. धुऊन धुऊन विरलेलं चांगलं. नीळ घातलेलं नको, चेहऱ्यावर निळी झाक येते. ऊन त्यावर पडलं की अख्खं कापडच दिवा होतं, आणि दिवा जितका मोठा व चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकी सावली मऊ. महागड्या दिव्यापेक्षा हे गणित महत्त्वाचं.

आता खरी मेख. दाराचा खालचा अर्धा भाग गडद गोधडीने झाका आणि जिचा फोटो काढायचा तिला दाराकडे तोंड करून, सहा-सात फूट आत, पाटावर बसवा. म्हणजे उजेड आपोआप वरून येतो. तुम्ही दाराकडे पाठ करून, उजेड अडणार नाही इतकं खाली बसा. नाकाखाली सावली दिसेना तर म्हणा, “जराशी मान खाली कर व माय.” सावली ओठावर आली तर मान पुन्हा थोडी वर.

कूलरच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल तिच्या मांडीवर तिरका ठेवा. हनुवटीखालचा काळोख लगेच उजळतो. तो फार वर आणला की चेहरा सपाट होतो. मला तो गुडघ्यापाशीच आवडतो. मागची भिंत शक्य तितकी लांब असू द्या. रात्री बल्बवर काम करत असाल तर हे अंतर जास्तच जाणवतं: अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. बल्बपासून चेहरा २ फुटांवर आणि भिंत ८ फुटांवर असेल, तर भिंतीवर उजेड सोळावा हिस्सा. पार्श्वभूमी आपोआप काळी.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा सकाळीच उरका. घाम टिपून घ्या, चोळू नका. मग हलकी पावडर. मासिकातली ती ओली चकाकी हवी असेल तर फक्त गालाच्या हाडावर आणि पापण्यांवर व्हॅसलिनचं बोट फिरवा. कपाळावर नको, तिथे ते तेलकटच दिसतं.

अंगावर सोनं असेल तर जरा वेळ द्या. सोनं समोर जे असेल ते दाखवतं: अंधारी खोली असली की गळ्यातली पोत काळपट, तुमचा शर्ट लाल असला की पाटलीवर लाल रेघ. म्हणून फोटो काढणाऱ्याने पांढरा सदरा घालावा आणि थर्माकोलचा आणखी एक तुकडा दागिन्यासमोर, फ्रेमच्या बाहेर धरवावा.

मोबाइल पाच फुटांवरून, दोन पट झूमवर. जवळून काढलात तर नाक मोठं येतं. स्क्रीनवर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होईल. मग उजेड किंचित कमी करा. ब्युटी मोड बंद, नाहीतर एवढ्या खटपटीने आणलेल्या सावल्या तोच पुसून टाकतो. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.